प्रकाशवाहकाची मापे आणि बिटांचा हिशोब

१९५८ च्या ऑक्टोबरात मेट्रिक वजने प्रचारात येऊ लागली, तोवर आपल्याकडील धान्यबाजारात शेर हा शब्द उच्चारला की पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारावा लागत असे : कच्चा की पक्का? नाव एकच, पण गाव बदलले की वजन बदले. आणि ज्याला हे ठाऊक नसे तो घरी जाऊन पुन्हा तोलून पाहीपर्यंत व्यापारी पैसे मोजून मोकळा झालेला असे. किलोग्रॅमने हा गोंधळ पुष्कळ अंशी मिटविला. तथापि तशाच जातीचा एक गोंधळ आजच्या व्यवहारात शिल्लक आहे, आणि तो अशा मालाच्या बाबतीत आहे की जो डोळ्यांना दिसत नाही व हातात धरता येत नाही. हा माल म्हणजे तारेतून किंवा काचेच्या तंतूतून जाणारी माहिती.

संगणक चालविणारा माणूस माहितीचा वेग बाइटांत मोजतो. दूरसंचार खात्याचा किंवा कंपनीचा अभियंता तोच वेग बिटांत मोजतो. आणि प्रकाशतंतूच्या मोठ्या वाहिन्यांचा व्यवहार करणारे लोक या दोन्ही मापांना बाजूला ठेवून ‘ओसी-३’, ‘ओसी-१२’ किंवा ‘एसटीएम-१’, ‘एसटीएम-१६’ अशी नावे घेतात. एखाद्या संस्थेला अशी वाहिनी भाड्याने घ्यावयाची झाली की या तिन्ही भाषा एकाच कागदावर येतात, आणि कागदावर सही करणाऱ्याला त्यांतील एखादीच येत असते. तेव्हा एका मापातून दुसऱ्या मापात कसे जावयाचे, आणि मुळात ही मापे आली कोठून, हे समजून घेणे निरुपयोगी ठरणार नाही.

प्रथम बिट आणि बाइट. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक खूण. माहितीचा याहून लहान कण नाही. आठ बिटांचा मिळून एक बाइट होतो. म्हणून दर सेकंदाला एक मेगाबाइट म्हणजे दर सेकंदाला आठ मेगाबिट. इतके सोपे असूनही प्रत्यक्षात घोटाळा होतो, कारण इंग्रजी संक्षेपात दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच आहे. केवळ एक मोठे काढावयाचे व दुसरे लहान, एवढाच भेद आहे, आणि टंकलेखनात तो सहज हरवतो. दुसरा घोटाळा ‘मेगा’ या उपसर्गाचा. दूरसंचारात मेगा म्हणजे बरोबर दहा लाख. संगणकाची रचना दोनाच्या पटीत असल्यामुळे तेथे मात्र किलो म्हणजे १,०२४ आणि मेगा म्हणजे १०,४८,५७६ असे धरण्याची चाल पडली. हाच नवा कच्चा आणि पक्का शेर. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाने १९९८ साली या दोनाच्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी असे स्वतंत्र उपसर्ग ठरवून दिले. पण ते शास्त्रीय लिखाणाबाहेर फारसे रुजले नाहीत. फरक किलोच्या पायरीवर शेकडा अडीचहून थोडा कमी, मेगाच्या पायरीवर शेकडा पाचाच्या आसपास, आणि गिगाच्या पायरीवर शेकडा सातांहून अधिक होतो. माप जितके मोठे, तितकी तूट मोठी.

आता प्रकाशवाहकाकडे वळू. ‘ओसी’ ही ‘ऑप्टिकल कॅरिअर’ या शब्दांची आद्याक्षरे. ओसी-१ चा वेग दर सेकंदाला ५१.८४ मेगाबिट, म्हणजे ५ कोटी १८ लाख ४० हजार बिट, असा ठरलेला आहे. हा आकडा पाहून कोणालाही प्रश्न पडावा की सरळ पन्नास का घेतला नाही? पन्नास घेतला असता तर भागाकार तोंडी करता आला असता. पण हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेला नाही; त्याचे मूळ माणसाच्या आवाजात आहे.

टेलिफोनवर बोलणे समजण्यासाठी आवाजातील साऱ्या कंपनांची गरज नसते. सेकंदाला तीनशे ते तीन हजार चारशे कंपने एवढा पट्टा पुरतो. थोडी मोकळी जागा ठेवून तो चार हजारांचा धरतात. आवाजाची लहर आकड्यांत उतरवावयाची तर तिच्या सर्वांत जलद कंपनांच्या दुपटीने तिचे नमुने घ्यावे लागतात, हे हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या संशोधनातून निघालेले तत्त्व आहे. म्हणजे सेकंदाला आठ हजार नमुने. ॲलेक रीव्हज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ साली अशा नमुन्यांना आकड्यांचे रूप देऊन ते तारेवरून पाठविण्याची कल्पना मांडली. ती काळाच्या इतकी पुढे होती की निर्वात नळ्यांच्या जमान्यात तिला किफायतशीर यंत्रच मिळाले नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर मग तिचे दिवस आले. प्रत्येक नमुन्याला आठ बिट दिले, तर एका संभाषणाला एका दिशेने सेकंदाला ६४ हजार बिट लागतात. टेलिफोनच्या मोठ्या वाहिन्यांचे वेग या ६४ हजारांच्या पायावर बांधलेले आहेत.

एका तारेवरून अनेक संभाषणे पाठवावयाची, तर प्रत्येकाचा एकेक नमुना क्रमाने घेऊन त्यांची एक चौकट करावयाची आणि अशा चौकटी सेकंदाला आठ हजार पाठवावयाच्या. अमेरिकेत १९६२ साली बेल कंपनीने चोवीस संभाषणांची चौकट प्रचारात आणली. तिचा वेग १.५४४ मेगाबिट. युरोपने तीस संभाषणे आणि व्यवस्थेसाठी दोन जागा, अशी बत्तीस जागांची चौकट पत्करली. तिचा वेग २.०४८ मेगाबिट, आणि तिला ई-१ म्हणतात. आपल्या देशाने युरोपची वाट धरली. या संकेतपद्धतीची भारतातील पहिली यंत्रणा मुंबई शहर आणि अंधेरी येथील टेलिफोन केंद्रांच्या दरम्यान १९७५ साली सुरू झाली. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली शुद्ध काचेतून दूरवर संदेश नेता येतील असे दाखवून दिले होते. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच बनविली. आणि १९७९ साली भारतातील पहिला प्रकाशतंतूचा स्थानिक जोडमार्ग पुण्यात कार्यान्वित झाला. काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ मध्ये, म्हणजे त्यांच्या निबंधानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

तंतू आले, वेग वाढले, पण मापांची बेबंदशाही झाली. चार ई-१ एकत्र केले तर गणिताने ८.१९२ मेगाबिट व्हावयास हवेत; प्रत्यक्षात त्या पायरीचा वेग ८.४४८ मेगाबिट होता. कारण प्रत्येक प्रवाहाचे घड्याळ किंचित मागेपुढे चाले आणि ते सांभाळून घेण्यासाठी मध्ये भरतीचे बिट घालावे लागत. पुढच्या पायरीवर पुन्हा तसेच. परिणाम असा की वरच्या प्रवाहातून एकच ई-१ वेगळा काढावयाचा झाला तरी सगळी गाठोडी एकामागून एक सोडावी लागत आणि उरलेली पुन्हा बांधावी लागत. शिवाय प्रकाशतंतूच्या यंत्रांची भाषा प्रत्येक कारखानदाराने आपापली ठेवली होती. एका टोकाला एकाचे यंत्र आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचे, असे चालत नसे. १९८४ च्या आरंभी अमेरिकेतील बेल कंपनीचे विभाजन झाले, एका तंतूची दोन टोके दोन निराळ्या कंपन्यांकडे जाऊ लागली, तेव्हा ही अडचण केवळ तांत्रिक राहिली नाही. तिच्यातून ‘सॉनेट’ नावाच्या प्रमाणपद्धतीचा जन्म झाला. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या चौदा ओळींच्या काव्यप्रकाराशी या नावाचा अर्थातच संबंध नाही. या सॉनेटच्या ओळी नऊ आहेत, आणि त्या नऊ ठरण्याचीही एक हकीकत आहे.

अमेरिकेच्या मूळ प्रस्तावात चौकटीला तेरा ओळी आणि साठ रकाने होते. तेरा साठे सातशे ऐंशी. प्रत्येक घरात एक बाइट, आणि प्रत्येक घर सेकंदाला आठ हजार वेळा भरले जाणार, म्हणजे प्रत्येक घराचा वेग ६४ हजार बिट. सातशे ऐंशी घरांचे ४९.९२ मेगाबिट झाले. पन्नासाच्या इतके जवळ जाऊनही हा आकडा टिकला नाही. अमेरिकेच्या चोवीस संभाषणांच्या प्रवाहाला एका चौकटीत सुमारे पंचवीस बाइट लागतात. तेरा ओळींचे दोन रकाने म्हणजे सव्वीस घरे त्याला नेमकी बसत. पण युरोपच्या ई-१ ला बत्तीस बाइट लागतात. त्याला तेरा ओळींचे दोन रकाने अपुरे आणि तीन रकाने, म्हणजे एकोणचाळीस घरे, फार सैल होत. युरोपचा आग्रह नऊ ओळींसाठी होता. नऊ ओळींचे चार रकाने म्हणजे छत्तीस घरे. त्यांत ई-१ आपल्या व्यवस्थेसह नीट मावतो. आणि अमेरिकेचा प्रवाह तीन रकान्यांत, म्हणजे सत्तावीस घरांत, थोड्या सैलपणाने का होईना, बसतो. १९८७ ते १९८८ या काळात ही चर्चा चालली आणि अखेर अमेरिकेने नऊ ओळी मान्य केल्या. नऊ ओळी आणि नव्वद रकाने, म्हणजे आठशे दहा घरे. आठशे दहा गुणिले ६४ हजार बरोबर ५१.८४ मेगाबिट. जगाच्या दोन भागांतील टेलिफोनची यंत्रे एका चौकटीत बसविण्यासाठी दिलेली किंमत म्हणून त्या ओबडधोबड आकड्याकडे पाहावे; मग तो ओबडधोबड वाटत नाही.

युरोपने, आणि त्याबरोबर भारताने, तीन चौकटी जोडून होणारी २७० रकान्यांची चौकट पायाभूत धरली. तिला एसटीएम-१ म्हणतात. तिचा वेग ओसी-३ इतकाच, म्हणजे १५५.५२ मेगाबिट. म्हणून अमेरिकेतील कागदपत्रांतील ओसीच्या आकड्याला तिनाने भागले की आपल्याकडील एसटीएमचा आकडा मिळतो : ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४, ओसी-४८ म्हणजे एसटीएम-१६, ओसी-१९२ म्हणजे एसटीएम-६४. यांचे वेग अनुक्रमे ६२२.०८, २,४८८.३२ आणि ९,९५३.२८ मेगाबिट. जुन्या पद्धतीतील भरतीचा घोळ येथे नाही. सगळी घड्याळे एकाच मूळ घड्याळाशी जुळविलेली असल्यामुळे ओसी-४८ हा ओसी-१ च्या बरोबर अठ्ठेचाळीस पट असतो, एक बिटही अधिक-उणा नाही. रूपांतर केवळ एका भागाकारावर येऊन ठेपते ते यामुळेच.

तो भागाकार असा. वेग मेगाबिटांत असेल तर ५१.८४ ने भागावे. मेगाबाइटांत असेल तर आधी आठाने गुणावे व मग भागावे; म्हणजेच दहा लाखांच्या मेगाबाइटाला ०.१५४३ ने गुणावे. मेगाबाइट दोनाच्या पटीतला असेल तर गुणक ०.१६१८ होतो. सेकंदाला शंभर मेगाबाइट वाचणाऱ्या तबकडीचा वेग पहिल्या हिशोबाने सुमारे साडेपंधरा ओसी-१ आणि दुसऱ्या हिशोबाने सोळांहून थोडा जास्त येतो. उलट दिशेने, ओसी-१ म्हणजे सेकंदाला ६.४८ मेगाबाइट आणि ओसी-३ म्हणजे १९.४४ मेगाबाइट.

येथपर्यंतचे काम कोणताही हिशोबनीस करील. फसगत होते ती यापुढे, आणि ती जाणत्या लोकांचीही होते. ओसी-१ चा ५१.८४ हा आकडा गाडीचे एकूण वजन सांगतो, तीत भरता येणाऱ्या मालाचे नव्हे. नव्वद रकान्यांपैकी तीन रकाने देखरेखीच्या खुणांसाठी राखलेले असतात, आणि आणखी एक मालाबरोबर शेवटपर्यंत जाणाऱ्या चिठ्ठीसाठी. उरले शहाऐंशी. त्यांतील दोन रकाने ठराविक भरतीसाठी सोडले जातात. प्रत्यक्ष माल चौऱ्याऐंशी रकान्यांत जातो, म्हणजे ४८.३८४ मेगाबिट. समजा, एका कचेरीच्या यंत्रजालाचा वेग १०० मेगाबिट आहे. भागाकार केला तर १.९३ येतो, तेव्हा दोन ओसी-१ पुरेत, किंबहुना थोडी जागा उरावी, असे वाटते. पण दोन वाहिन्यांत माल मावतो ९६.७७ मेगाबिट. जागा उरत तर नाहीच, शेकडा तीनांहून अधिक तूट पडते. यंत्रजाल पूर्ण भाराने चालू लागले की ती तूट कामाच्या ऐन वेळी जाणवते. एसटीएम-१ मध्येही असेच, १५५.५२ पैकी मालाला १४९.७६ मेगाबिटच मिळतात.

सर्वांत बोलके उदाहरण दहा गिगाबिटांचे आहे. संगणकजालाच्या अभियंत्यांनी आपल्या सवयीप्रमाणे एक, दहा, शंभर, हजार, दहा हजार मेगाबिट अशा दशमान पायऱ्या बांधल्या. प्रकाशवाहकाच्या पायऱ्या तीन, बारा, अठ्ठेचाळीस अशा चौपटीने चढतात. या दोन शिड्या वरच्या टोकाला एकमेकींना जवळजवळ भेटतात : दहा हजाराला ५१.८४ ने भागले तर १९२.९ येतात. ओसी-१९२ पुरते पूर्ण होऊन वर एकाहूनही कमी ओसी उरतो. इतकी जवळीक, आणि तरी दहा गिगाबिटांचा सरळ प्रवाह ओसी-१९२ मध्ये बसत नाही, कारण त्यात मालाची जागा ९,५८४.६४ मेगाबिट एवढीच आहे. २००२ साली दहा गिगाबिटांच्या ईथरनेटचे प्रमाण ठरले तेव्हा या कारणास्तव त्याची दोन रूपे करावी लागली. एक स्थानिक जालासाठी पुऱ्या वेगाचे, आणि दुसरे दूरच्या वाहिनीत मावावे म्हणून वेग थोडा आवरून घेतलेले.

हे सर्व केवळ अभियंत्यांच्या वहीपुरते नाही. घटकाभर असे धरू की एका तालुक्याच्या रुग्णालयात पक्षाघाताचा रुग्ण आला आहे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूच्या क्ष-किरण छेदचित्रांवरून रक्तस्राव नाही याची खात्री करून घ्यावी लागते. तेथे तज्ज्ञ नाही, म्हणून ती चित्रे जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे पाठवावयाची आहेत. चित्रांचा आकार संगणकाच्या हिशोबाने पाचशे मेगाबाइट, आणि मधली वाहिनी ई-१. वाहिनी घेताना कोणी पाचशेला २.०४८ ने भागून चार मिनिटे असा अंदाज टिपणीत लिहिला असेल, तर त्याने बाइटांना बिटांनी भागले. खरा हिशोब असा : पाचशे मेगाबाइट म्हणजे दोनाच्या पटीतले ५२ कोटी ४२ लाख ८८ हजार बाइट, त्यांचे बिट ४१९ कोटी ४३ लाख ४ हजार, सेकंदाला २० लाख ४८ हजार बिटांनी ते पोहोचावयास लागतात २,०४८ सेकंद, म्हणजे चौतीस मिनिटांहून अधिक. व्यवस्थेचे बिट वजा गेल्यावर आणखी काही. एसटीएम-१ असती तर हेच काम अठ्ठावीस सेकंदांत झाले असते. झटका आल्यापासून बैलगाडीत, जीपमध्ये आणि बाकावर किती वेळ गेला आहे, हे वाहिनीला ठाऊक नसते. वाहिनीच्या अर्ध्या तासाची आगाऊ कल्पना असलेले रुग्णालय चित्रांतील नेमके आवश्यक तेवढे छेद आधी पाठवील, किंवा चित्रे दाबून लहान करील, किंवा मोठी वाहिनी मागेल. टिपणीत चार मिनिटे लिहिलेली असतील तर यांपैकी काहीच होणार नाही.

सॉनेटचा आणि त्याच्या युरोपीय भावंडाचा भर आता ओसरला आहे. २००१ साली प्रकाशवाहिन्यांसाठी नवी चौकट प्रमाण म्हणून पुढे आली, ईथरनेटने दूरचे पल्लेही काबीज केले, आणि एकाच तंतूत निरनिराळ्या तरंगलांबीच्या कित्येक प्रकाशधारा सोडून वेग शेकडो पटींनी वाढविता येऊ लागला. नव्याने घातल्या जाणाऱ्या मार्गांवर ओसी हे नाव क्वचितच ऐकू येते. पण मापे यंत्रांपेक्षा चिवट असतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ साली देशांतर्गत लीज्ड लाइनचे कमाल दर ठरविले तेव्हा ते ई-१, डीएस-३, एसटीएम-१ आणि एसटीएम-४ या मापांतच सांगितले. त्यांतील डीएस-३ तर अमेरिकेच्या जुन्या शिडीवरची, ४४.७३६ मेगाबिटांची पायरी आहे.

आणि ज्या ठिकाणी या मापाची कोणी अपेक्षाही करणार नाही, तेथे ते रोज वापरात आहे. घरोघरी येणारा प्रकाशतंतू, तसेच ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणाऱ्या भारतनेटसारख्या योजना, यांत जीपॉन नावाची पद्धत फार वापरली जाते. तिच्यात केंद्राकडून घरांकडे येणारा वेग दर सेकंदाला २,४८८.३२ मेगाबिट असतो. हा ओसी-४८ चाच वेग. चौकटही सेकंदाला आठ हजारच, केवळ आतील मांडणी निराळी. उलट दिशेचा १,२४४.१६ हा त्याचा अर्धा, म्हणजे चोवीस ओसी-१. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लहानशा पेटीत हा एक तंतू पुष्कळदा बत्तीस घरांत वाटला जातो. जाहिरातीत शंभर मेगाबिट लिहिलेले असोत वा तीनशे, बत्तीसही घरांनी एकाच क्षणी भरपूर मागणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला व्यवस्थेचा भाग वजा न करता ७७.७६ मेगाबिट येतात. म्हणजे सेकंदाला ९.७२ मेगाबाइट, म्हणजेच बरोबर दीड ओसी-१.